शीट नंबर ११४

रूवीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या वाऱ्याने ट्रेसिंग पेपर आता फडफडत नाही.
तो नळकांड्यात आहे, पिवळा पडलेला, कडेला कुरतडलेला.
शीजा त्याचा स्कॅन समोर ठेवून
एकेक रेघ पुन्हा ओढते आहे.
मी तपासतो.
सहा महिन्यांनी मीही नळकांड्यात.

चौऱ्याऐंशीला आलो तेव्हा
सप्टेंबरच्या दमट हवेत कागद रात्रीतून वाढायचा.
खरंच वाढायचा. चार मीटरची खोली सकाळी केसभर मोठी.
इद्रीस साहेब, सुदानचे, एक चष्मा नाकावर, एक कपाळावर,
म्हणायचे, पट्टी लावू नकोस, आकडा वाच.
मनगटाखाली रुमाल, रुमालावर पावडर,
कारण घामाचा एक थेंब म्हणजे
तीन दिवसांचं काम पाण्यात.
चुकलं तर दाढीचं अर्धं ब्लेड.
शाई खरवडायची, नखाने घोटायचं,
तरी उजेडाला धरलं की दिसायचंच
हात कुठे थांबला होता,
मुलगी झाल्याचं पत्र सोळा दिवस उशिरा
कुठल्या रेघेवर आलं होतं.

शीजाची चूक दोन बोटं दाबली की
झालीच नव्हती.
हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.
माझा हात आता थरथरतो, चहा बशीत सांडतो,
पण माउसवर ठेवला तर रेघ सरळच उमटते.
यंत्र विचारत नाही कुणाचा हात.
आमच्याकडे अक्षरावरून कळायचं:
हा मोडक्या मानेचा सात खानविलकरचा, म्हणजे माझा,
हा पोट सुटलेला पाच फर्नांडिसचा.

परवा ११४ ची कुंपणाची भिंत पाहत होतो.
पूर्व-पश्चिम, दोनशे दहा मीटर, सरळसोट.
म्हटलं, इथे वाकायला हवी.
तिने झूम केलं, इतकं
की भिंतच पडद्याबाहेर गेली.
"स्कॅनचा डाग असेल, अंकल. नाहीतर तुमचा हात हलला असेल.
मी ऑर्थो लावून ठेवला होता."

हात हलला नव्हता.
तिथे समुरचं झाड होतं, आपल्या बाभळीचं अरबी भावंड,
बुटकं, उलट्या छत्रीसारखं,
सावली एवढीच की एक बलुची वॉचमन मावावा
आणि त्याचा पाण्याचा कॅन.
इद्रीस साहेब साइटवरून आले,
बुटातली वाळू केराच्या डब्यात झाडली,
म्हणाले, भिंत हलव. झाड आपल्या आधी आलंय.
मी ब्लेड घेतलं.

शुक्रवारी घुब्र्याला गेलो, टेप खिशात.
भिंत आहे. रंग बदललाय दोन-तीनदा.
ब्याऐंशी मीटरवर बाहेर वळते,
पाच मीटर तशीच जाते, पुन्हा रांगेत येते.
कुशीत झाड नाही. बुंधाही नाही.
दोन सिमेंटचे ठोकळे, एक चप्पल.
गेटवरच्या नेपाळी पोराने विचारलं, काय मोजताय?
म्हटलं, ही इथे का वाकली, माहीत आहे?
"ठेकेदार पिऊन आला असेल."

शनिवारी आकडे शीजाला दिले.
तिने ऑर्थो काढला, चार आकडे टाकले,
भिंत वाकली.
माझी तेव्हा अख्खी दुपार गेली होती.
मग तिने विचारलं, झाड कुठल्या लेयरवर घालू?
झाड नाही तिथे.
"ते कळलं. कुठल्या लेयरवर?"

असा एक लेयर असतो म्हणे,
पडद्यावर दिसतो, छापला जात नाही.
तिने तिथे एक वर्तुळ टाकलं, अगदी गोल.
म्हटलं, समुर एवढं गोल नसतं गं.
ती खुर्चीसकट बाजूला सरकली
आणि माउस माझ्याकडे ढकलला.